एच-फोरवरच्या लेकीचं कॉलेज: टेक्सासमधले आमचे चौदा महिने

१ मे २०२५. मंडळाच्या ग्रुपवर महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा धो धो येत होत्या आणि इकडे डायनिंग टेबलावर लेक लॅपटॉप उघडून ‘ॲक्सेप्ट’च्या बटणावर बोट ठेवून बसली होती. अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांना होकार कळवायची ही शेवटची तारीख. तिनं बटण दाबलं. पडद्यावर कागदाचे रंगीत तुकडे उडाले, नवऱ्यानं श्रीखंडाचा डबा उघडला आणि मी आतल्या खोलीत जाऊन पाच मिनिटं नुसती पडून राहिले.

हे लिहितेय ते आमच्यासारख्या घरांसाठी. आई-बाबांपैकी एक नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर, मुलं त्याला जोडलेल्या एच-फोर व्हिसावर, ग्रीनकार्डच्या रांगेत दहा वर्षं झालेली, आणि मूल अकरावीत. आमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नाव लागल्याची तारीख, २०१५ची. रांग कुठवर आली ते दर महिन्याला सांगणाऱ्या सरकारी व्हिसा बुलेटिनमध्ये भारताचा ईबी-टू, म्हणजे आमचा उच्चशिक्षितांचा गट, या चौदा महिन्यांत २०१२च्या मार्चपासून २०१३च्या जानेवारीपर्यंत सरकला. म्हणजे लेकीचं कॉलेज एच-फोरवरच सुरू होणार, हे आम्हाला आधीच ठाऊक होतं. त्याचे काटे कुठे कुठे टोचतात, ते मात्र ठाऊक नव्हतं.

मी कोल्हापूरची. आमच्या वेळी मेरिट म्हणजे बोर्डाची यादी. पेपरात फोटो, गल्लीत पेढे, संपला विषय. इथं मेरिट या शब्दाचे चार तुकडे होतात आणि चारही वेगवेगळ्या लोकांच्या हातात असतात, हे कळायला मला जवळजवळ वर्ष लागलं. विद्यापीठात प्रवेश ही एक गोष्ट. हवा तो विषय, म्हणजे मेजर, ही दुसरी. ऑनर्स प्रोग्राम, म्हणजे निवडक मुलांचा वेगळा गट, तिसरी. आणि पैसे चौथी. एक मिळालं म्हणून दुसरं मिळेलच असं नाही, आणि चौघांची पत्रं एका दिवशी येतही नाहीत.

आमची सुरुवात मार्च २०२४ मध्ये झाली. ९ मार्चला लेकीनं पहिली सॅट, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठीची देशभरची परीक्षा, दिली. अमेरिकेत ही परीक्षा नुकतीच कागदावरून लॅपटॉपवर आली होती, त्यामुळे मोठ्या भावंडांचे सल्ले निम्मे बाद. फी साठ डॉलर. सोळाशेपैकी १४७० आले. ऑगस्टमध्ये पुन्हा बसली तेव्हा फी अडुसष्ट झाली होती आणि मार्क १५३०. नाव नोंदवल्यापासून परीक्षेनंतर नऊ दिवसांपर्यंत चार कॉलेजांना स्कोअर फुकट पाठवता येतो. ‘आधी मार्क तर बघू’ म्हणत आम्ही ते दिवस जाऊ दिले आणि नंतर प्रत्येकी चौदा डॉलर मोजले. हा निव्वळ कोकणस्थी हिशेब उलटा पडलेला. (मी देशस्थ आहे, हिशेब नवऱ्याचा.) मे महिन्यात चार एपी परीक्षा, म्हणजे शाळेतच घेतलेल्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या, झाल्या, प्रत्येकी अठ्ठ्याण्णव डॉलरच्या.

सप्टेंबरात शाळेतून नॅशनल मेरिट या देशभरच्या गुणवत्ता स्पर्धेचा कागद आला. ‘कमेंडेड’, म्हणजे नुसती शाबासकी. कागद छान जाड होता. त्यावरची पायरी, सेमीफायनलिस्ट, व्हायला राज्याराज्याचा कटऑफ वेगळा, टेक्सासचा चढा आणि शेजारच्या ओक्लाहोमाचा बराच खाली. ओक्लाहोमाच्या सीमेपासून आमचं घर तासाभरावर आहे, हे त्या दिवशी लेकीनं तीनदा ऐकवलं.

आता रँक. टेक्सासमध्ये हे प्रकरण वेगळं आहे. १९९६ मध्ये कोर्टानं प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली. त्यानंतर १९९७ मध्ये राज्यानं कायदा केला, की शाळेतल्या वरच्या दहा टक्के मुलांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश. पुढे ऑस्टिनचं युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास या मुलांनीच भरून जायला लागलं, म्हणून २००९ मध्ये तेवढ्यापुरती सवलत दिली: राज्यातल्या मुलांच्या तीन चतुर्थांश जागा अशा भरल्या की बास. त्यामुळे ऑस्टिनसाठी टक्का कमी कमी होत गेला. आमच्या वर्षी सहा. २०२६ला प्रवेश घेणाऱ्यांसाठी तो पाच केला.

लेकीच्या वर्गात सहाशे वीस मुलं. सहा टक्के म्हणजे सदतीस. ती एकतिसावी. आमच्या उपनगरांत या आकड्यापायी मुलं काय काय करतात ते सांगण्यासारखं नाही. एपीच्या विषयांना जास्त वजन मिळतं, म्हणून साधे विषय सोडतात. लेकीच्या मैत्रिणीनं ऑर्केस्ट्रा सोडला, का तर त्याचे मार्क चांगले असूनही सरासरी खाली ओढतात. लेकीनं व्हायोला ठेवला. तो ठेवल्यामुळे ती किती नंबरांनी मागे गेली याचा हिशेब मी एकदा रात्री एक्सेलमध्ये केला आणि मग लाजून ती फाईल उडवली.

१ ऑगस्टला कॉमन ॲप, म्हणजे एकाच ठिकाणाहून अनेक कॉलेजांना अर्ज करायची वेबसाइट, उघडलं. निबंध साडेसहाशे शब्दांचा. शाळेबाहेर काय करता त्याच्या दहा ओळी, आणि प्रत्येकीला दीडशे अक्षरं. शब्द नव्हे, अक्षरं, मोकळी जागा धरून. मंडळाच्या मराठी शाळेत धाकट्यांना शिकवते हे बसलं. ढोल-ताशा पथक बसेना. ताशा म्हणजे काय, तीस जणांत ठेका धरणं म्हणजे काय, आणि ढोलाचं वजन किती, हे दीडशे अक्षरांत कसं सांगायचं? तिनं शेवटी लिहिलं की गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत कमरेला ढोल बांधून दोन तास वाजवते आणि नव्या मुलांना ठेका शिकवते. एकशे सत्तेचाळीस अक्षरं झाली. मला वाटतं, अख्ख्या अर्जातली सगळ्यात चांगली ओळ तीच होती. मुलांच्या निबंधात आपण हात घालू नये हे मी नियम म्हणून पाळलं. दोनदा सोडून.

अर्ज तीनच केले, तिन्ही सरकारी: यूटी ऑस्टिन, टेक्सास ए अँड एम आणि यूटी डॅलस. खाजगी कॉलेजांचा विचार गरजेनुसार मिळणाऱ्या मदतीशिवाय परवडणारा नव्हता. राज्याबाहेरचं सरकारी विद्यापीठ म्हणजे ट्यूशनच चाळीस हजार डॉलरच्या पुढे जाऊ शकते. टेक्सासचे रहिवासी म्हणून ऑस्टिनची ट्यूशन वर्षाला साधारण अकरा ते साडेतेरा हजार, विषयानुसार. ऑस्टिन आणि ए अँड एमची अर्जाची फी पंचाहत्तर पंचाहत्तर.

पहिली घोडचूक आमचीच. ऑस्टिननं त्या वर्षी पहिल्यांदाच ‘अर्ली ॲक्शन’ आणलं होतं: १५ ऑक्टोबरपर्यंत अर्ज, १५ जानेवारीपर्यंत निकाल. आम्ही थोरल्या मुलांच्या आयांकडून घेतलेल्या जुन्या तारखा फ्रिजवर चिकटवून बसलो होतो. त्यात ते नव्हतंच. कळलं तेव्हा १९ ऑक्टोबर उजाडला होता. मग १ डिसेंबरची नेहमीची मुदत. नुकसान झालं का, कोण जाणे, पण एक महिना जास्त ताटकळलो हे खरं. तारखा दर वर्षी विद्यापीठाच्या पानावरूनच घ्या, माझ्याकडूनही घेऊ नका.

आणि डॅलसचा अर्ज तिनं सप्टेंबरातच टाकला होता, कारण तिथं गुणवत्तेच्या स्कॉलरशिपला वेगळा अर्ज नाही. ॲकॅडेमिक एक्सलन्स स्कॉलरशिप असं नाव आहे. प्रवेशाच्या अर्जावरूनच ठरवतात. ऑनर्सला मात्र, त्याला तिथं कॉलेजियम फाइव्ह म्हणतात, वेगळे निबंध. आणि मॅकडर्मट स्कॉलर्स ही सगळ्यात मोठी, २००० सालापासूनची, परदेशातल्या सत्रासकट सगळा खर्च देणारी, तिला आणखी वेगळे निबंध, मुलाखती. तिथं लेकीनं अर्ज केला आणि पुढच्या फेरीत गेली नाही. दोन ओळींची नम्र मेल आली. ती म्हणाली, “आई, यांचं नाही म्हणणंसुद्धा किती सभ्य आहे.” आणि जेवायला बसली.

नोव्हेंबरात शाळेच्या काउन्सेलरची मेल: फाफ्सा भरल्याचा पुरावा द्या, नाहीतर ग्रॅज्युएशन अडेल. फाफ्सा म्हणजे केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा अर्ज. एच-फोरवरची मुलं त्याला पात्रच नाहीत. मी तसं कळवलं, तर तीच मेल पुन्हा आली. फोन केला. दुसऱ्या फोनला कळलं, की टेक्सासमध्ये बारावी पार करायला फाफ्सा किंवा टास्फा यांपैकी एक, नाहीतर ‘आम्हाला भरायचा नाही’ असा सही केलेला फॉर्म, एवढंच लागतं. टास्फा हा राज्याचा अर्ज, ज्यांना फाफ्सा भरता येत नाही पण जे टेक्सासचे रहिवासी आहेत त्यांच्यासाठी. आमच्या पगारावर त्यातून दमडी मिळणार नव्हती. तरी भरला. कुठेतरी नोंद असलेली बरी, हा सरकारी नोकर बापाकडून आलेला संस्कार.

त्याच सुमाराला मी बाहेरच्या स्कॉलरशिपांची यादी केली होती. बँका, दुकानं, रोटरीसारख्या संस्था, नवऱ्याची कंपनी. चौदा जमल्या. मग एकेकीची बारीक अक्षरं वाचत गेले. नऊ ठिकाणी ‘नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक’. उरल्या पाच. त्यांतली एक चित्रकलेची. आधी पात्रतेची ओळ वाचायची, मग निबंधाचा विषय, हे शहाणपण दोन निबंध लिहून झाल्यावर आलं. विद्यापीठाच्या स्वतःच्या गुणवत्तेच्या स्कॉलरशिपा त्या मानानं उदार निघाल्या. आपली ताकद तिथं लावावी.

आता तो प्रकार, ज्यानं माझे केस पांढरे झाले.

तिघांपैकी एका विद्यापीठाच्या पोर्टलवर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लेकीच्या नावापुढं अचानक ‘इंटरनॅशनल’ दिसायला लागलं. खाली तीन नव्या मागण्या: इंग्रजीची परीक्षा, बँकेत पुरेसे पैसे असल्याचा दाखला, आणि पासपोर्ट. चार वर्षांची असताना ती टेक्सासला आली. किंडरगार्टनपासून इथल्या सरकारी शाळेत. आणि इंग्रजीची परीक्षा! पण चिंता परीक्षेची नव्हती, परदेशी म्हणजे राज्याबाहेरची, म्हणजे तिप्पट-चौपट फी, ही होती.

नियम आमच्या बाजूनं होता. टेक्सासमध्ये एच-वन आणि एच-फोर दोघांनाही रहिवासी ठरता येतं. आई-बाबांपैकी कुणी वर्षभराहून जास्त काळ इथं राहून नोकरी करत असेल, घर असेल, तर मूल रहिवासी. अर्जात नागरिकत्व ‘भारत’ टाकलं की यंत्रणा तुम्हाला त्या रांगेत ढकलते एवढंच. आम्ही घराच्या प्रॉपर्टी टॅक्सची पावती, दोन वर्षांचे डब्ल्यू-टू (पगाराचे आणि कापलेल्या कराचे दाखले), नवऱ्याचं एच-वनचं मंजुरीपत्र, लेकीचं एच-फोरचं, शाळेचा ट्रान्स्क्रिप्ट, असं सगळं चढवलं. दहा दिवसांनी उत्तर: ‘कागद अपूर्ण, मुदत संपलेली.’

मी लेकीचं मंजुरीपत्र पुन्हा बाहेर काढलं. आय-७९७-ए. त्याच्या खालच्या कोपऱ्यात नवीन आय-९४, म्हणजे देशात कधीपर्यंत राहता येईल त्याची नोंद, छापलेला असतो, आणि तिथंच लिहिलेलं असतं की हा तुकडा फाडून जुन्या आय-९४ बरोबर ठेवा. आमच्या घरातल्या शिस्तप्रिय माणसानं तो कात्रीनं सरळ रेषेत कापून लेकीच्या पासपोर्टला स्टेपल केला होता. मी चढवला होता तो वरचा, कोपरा कापलेला कागद, आणि सोबत वेबसाइटवरून उतरवलेला आय-९४, जो शेवटच्या भारतवारीनंतर विमानतळावरचा, म्हणून मुदत संपलेला. पाहणाऱ्याला काय दिसणार? मी दोन्ही तुकडे काचेवर जुळवून ठेवले, एकत्र स्कॅन केले, आणि चार ओळींचं पत्र जोडलं: कुठला कागद कशाचा पुरावा, तारीख कुठे बघायची. राग सगळा गाळून.

मग नाताळची सुट्टी. ऑफिस बंद. २ जानेवारीपासून मी रोज सकाळी चहाआधी पोर्टल उघडायची. लेकीनं पासवर्ड बदलला. बरोबरच केलं तिनं. १४ जानेवारीला तिनंच शाळेतून मेसेज केला: “टेक्सास रेसिडेंट झाले. आता तरी झोप.”

कापलेला तुकडा फेकू नका. आणि कापण्याआधी अख्ख्या पानाचा स्कॅन करून ठेवा.

जानेवारीच्या शेवटी डॅलसचं स्कॉलरशिपचं पत्र आलं. आठ सत्रं, ट्यूशन आणि फी. अट अशी की जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी, ठरलेल्या पातळीखाली जायचा नाही आणि दर सत्रात पूर्ण वेळाचे क्रेडिट घ्यायचे. त्यात एक सोय: डॅलसला प्रवेशाच्या वेळची ट्यूशन चार वर्षं तीच राहते, म्हणजे स्कॉलरशिप दुर्दैवानं गेलीच तर किती खड्डा पडेल हे आजच कळतं. हे पत्र आलं तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. कॅमेरा बंद केला आणि डोळे पुसले. त्यापुढं काही नाही.

ए अँड एममध्ये इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला, पण तिथं आधी सरसकट इंजिनीअरिंग आणि शाखा पहिल्या वर्षाच्या मार्कांवर. लेक म्हणाली, पुन्हा रँकची शर्यत नको. हे तिचं म्हणणं मला त्या क्षणी पटलं नाही. आज पटतं.

फेब्रुवारीच्या मध्यावर ऑस्टिन. प्रवेश कायद्यानं पक्का होताच, प्रश्न मेजरचा. कायदा विद्यापीठाचं फाटक उघडतो, विषयाचं नाही. पहिली पसंती कॉम्प्युटर सायन्स, दुसरी गणित. कॉम्प्युटर सायन्सच्या ट्युरिंग स्कॉलर्स या ऑनर्सलाही तिनं निबंध पाठवले होते. पत्र उघडलं: अभिनंदन, गणित. ट्युरिंगचा प्रश्नच मिटला. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या दोन घरांत फटाके वाजायचे बाकी होते आणि आमच्या घरात पत्रावर ‘अभिनंदन’ असूनही सुतकी शांतता. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, “अगं, नंबर लागला ना? मग तोंड का पडलंय?” त्यांना समजावताना मला माझाच मूर्खपणा ऐकू आला. पुण्यातल्या भाच्याच्या कॅप राउंडच्या वेळी मीच त्याला ऐकवलं होतं, कॉलेज बघू नकोस, ब्रँच बघ. (ऑस्टिनलाही कॅप आहे बरं का, पण ते निराळं: प्रवेश न मिळालेल्या टेक्सासच्या मुलांना एक वर्ष त्याच समूहाच्या दुसऱ्या विद्यापीठात काढून मग ऑस्टिनला यायची वाट. मैत्रिणीच्या मुलाला ते आलंय, आणि तो खूश आहे.)

मार्चमध्ये कॉलेजियम फाइव्हचा होकार आला. एप्रिलमध्ये आम्ही दोन्हीकडे जाऊन आलो. ऑस्टिनला दोन दिवस, हॉटेल आणि पेट्रोल मिळून साडेतीनशे डॉलर. टॉवरखाली उभं राहिल्यावर कुणालाही तिथंच शिकावंसं वाटेल, मलाही वाटलं. मग रिचर्डसनला, डॅलसच्या कॅम्पसवर. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ज्यांनी उभी केली त्यांनीच काढलेली ही मूळ संशोधन संस्था, १९६९ मध्ये राज्याकडे आली, आणि पहिल्या वर्षाची मुलं तर १९९० पासून घेतात. फुटबॉलपेक्षा बुद्धिबळाचं कौतुक जास्त, त्यालाही स्कॉलरशिपा. ऑनर्सच्या मुलांच्या बैठकीच्या खोलीत एक मुलगी सोफ्यावर अनवाणी बसून डोसा खात होती, डब्यातला. लेकीनं तिला विचारलं, ऑनर्समध्ये खरा फरक काय पडतो? ती म्हणाली, वर्ग लहान असतात, आणि नोंदणी आधी करता येते म्हणून सकाळी आठचा तास टळतो. माहितीपत्रकातल्या बारा पानांपेक्षा हे जास्त उपयोगी पडलं.

परतताना गाडीत कुणी बोलत नव्हतं. मग तिनं हिशेब मांडला, मोठ्यानं. ऑस्टिनला गणित घेऊन नंतर कॉम्प्युटर सायन्सला बदलून घेणं अवघड, भरवसा नाही. चार वर्षांचा खर्च राहण्या-जेवणासकट लाख डॉलरच्या पुढे. एच-फोरवर कॅम्पसमध्ये नोकरी करता येत नाही, पगारी इंटर्नशिपही नाही, म्हणजे तिच्या हाताला काही कमाई नाही. एकविसाव्या वाढदिवसाला एच-फोर संपणार, त्याआधी एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर, जायचं, त्याचा वकील, त्याची फी. “बाबा, तेव्हा पैसे लागतील. आत्ता का घालवायचे?” नवरा गाडी चालवत होता, त्यानं नुसती मान हलवली. अठराव्या वर्षी मुलीला प्रायॉरिटी डेट पाठ असावी, याचं मला फार वाईट वाटलं. तसं मी बोलले नाही.

तिची एकच अट: पहिलं वर्ष हॉस्टेलमध्ये. घर पंचवीस मिनिटांवर असलं तरी. आम्ही मान्य केली, रविवारी जेवायला घरी यायचं या बोलीवर.

सगळा मिळून खर्च, म्हणजे परीक्षा, अर्ज, स्कोअर, ऑस्टिनची फेरी, हजार-अकराशे डॉलरच्या घरात गेला. कुठल्याही सल्लागाराला पैसे दिले नाहीत. इथं चार-पाच हजार मागणारे आहेत, आणि तारखांच्या बाबतीत ते माझ्यापेक्षा नक्कीच बरे असतील.

काल पोर्टलवर नवीन लाल खूण आली. टेक्सासमध्ये बावीस वर्षांखालच्या नव्या विद्यार्थ्याला मेनिंजायटिसची लस लागते, गेल्या पाच वर्षांतली, आणि सत्र सुरू व्हायच्या किमान दहा दिवस आधी. तिला सोळाव्या वर्षी दिल्याचं मला आठवतंय. दाखला कुठल्या फाईलमध्ये आहे, ते शोधतेय.